ड्रॅगन मेल्यावर उरलेली पानं

जाडजूड अद्भुत कादंबरी हातात आली की मी आधी एक हिशेब मांडते. ड्रॅगन साधारण कितव्या प्रकरणात मरतो आणि त्याच्यानंतर किती पानं उरतात. शेवट वाचत नाही, नुसती चाळून अंदाज घेते. माझ्या भाच्याला हे मुळीच पटत नाही. "आत्ती, तू सगळ्या सस्पेन्सचा खुळखुळा करतीस बघ," असं त्याचं म्हणणं. पण ड्रॅगन मरणार की नाही यात कसला आलाय सस्पेन्स? सातशे पानं डोंगरदऱ्या तुडवून, उपाशीतापाशी राहून, दोन-तीन जिवलग गमावून मंडळी तिथवर पोचलेली असतात. तो मरणारच. मला उत्सुकता असते ती दुसऱ्या दिवशीच्या सकाळची. एवढं मोठं धूड पडलंय, ते हलवणार कोण? गुहेतलं सोनं कुणाच्या नावावर चढणार? आणि जी माणसं वर्षभर नुसती चालत होती, ती आता घरी जाऊन करणार काय?

टोल्किनचं 'हॉबिट' मला आवडतं ते यासाठीच. १९३७ साली मुलांसाठी म्हणून आलेलं पुस्तक, प्रकरणं १९. त्यातला ड्रॅगन चौदाव्यातच मरतो आणि तोही नायकाच्या हातून नव्हे. तळ्यावरच्या गावातला एक तिरंदाज त्याला पाडतो. नायक त्या वेळी डोंगराच्या पोटात अंधारात बसलेला, त्याला पत्ताही नसतो. मग उरलेल्या पाच प्रकरणांत काय? भांडणं. बुटके म्हणतात, सोनं आमच्या आज्या-पणज्याचं. गाववाले म्हणतात, मारला आमच्या माणसाने, पडला आमच्या गावावर, घरं आमची जळाली, भरपाई द्या. तेवढ्यात एल्फांचा राजा फौज घेऊन हजर. आणि बुटक्यांचा म्होरक्या, ज्याच्या वनवासाची आपण एवढी पानं कीव केलेली असते, तो डोंगराचं दार दगडांनी चिणून घेतो आणि एक नाणं द्यायला तयार होत नाही. आपल्याकडे गुप्तधनावर भुजंग बसतो म्हणतात, आणि तो भुजंग कुणी परका नसतो, त्याच घरातला धनात जीव अडकून मेलेला पूर्वज असतो. टोल्किनला ही समजूत ठाऊक असायचं कारण नाही, पण त्याने लिहिलंय ते नेमकं हेच.

माझा जीव खरा अडकलाय तो शेवटच्या प्रकरणात. वर्षभराने नायक आपल्या घरी येतो तर दारात ही गर्दी. त्याला मेलेला धरून त्याच्या सामानाचा लिलाव चाललेला. भाऊबंद आत खोल्यांची मापं घेतायत, आपलं सामान बसतंय का बघायला. मी जिवंत आहे हे पटवून देण्यात पुढे कितीतरी काळ जातो. स्वतःच्याच खुर्च्या-टेबलं त्याला पैसे मोजून परत घ्यावी लागतात. चांदीचे चमचे गेले ते गेलेच. ड्रॅगनसमोर उभा राहून गप्पा मारून आलेला माणूस चमच्यांच्या बाबतीत हरतो! हे वाचताना मला वाटलं, हा लेखक आपल्याकडच्या एखाद्या तलाठी ऑफिसच्या बाकड्यावर दोन दिवस बसून गेलाय की काय. मयत दाखवून वारसनोंद लावायची घाई कशी असते, हे करवीर तालुक्यात कुणाला समजावून सांगायला लागत नाही.

ही पुस्तकं माझ्याकडे फार उशिरा आली. लहानपणी करवीर नगर वाचन मंदिरातून घरी यायच्या त्या ऐतिहासिक कादंबऱ्या. संस्था १८५० सालची, आमच्या घरातल्या तीन पिढ्या तिच्या वर्गणीदार, आणि तिन्ही पिढ्यांची समजूत एकच की राक्षस-बिक्षस हे पोरांसाठी असतं. भाच्याने इंजिनिअरिंगला असताना पावसाळ्याच्या तोंडावर खोकंभर पुस्तकं आणून माझ्याकडे टाकली, त्याच्या खोलीत ओल येते म्हणून. आषाढातला पाऊस कोल्हापुरात लागला की लागतो. संध्याकाळी बाहेर पडायची सोय नाही, मग खोकं उघडलं.

वर होती रॉबर्ट जॉर्डनची १४ खंडांची मालिका. पहिला खंड १९९०चा, शेवटचा २०१३चा. मध्ये २००७ साली लेखक वारला आणि शेवटचे तीन खंड त्याच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने पुरे केले. बाणभट्टाची 'कादंबरी' त्याच्या मुलाने पुरी केली होती, तशातला प्रकार. सगळीकडे ड्रॅगन ड्रॅगन लिहिलेलं, म्हणून मी वाट बघत राहिले की आता येईल, मग येईल. यात ड्रॅगन नावाचा प्राणीच नाही. ती नायकाची पदवी आहे. "मग मला कशाला दिलंस?" म्हटल्यावर भाचा म्हणाला, "अगं, लढाया बघ की, लई भारी हैत." लढाया भारी आहेतच. शेवटच्या लढाईचं एकच प्रकरण दोनशे पानांच्या घरातलं. आणि एवढ्या चौदा खंडांनंतर, जग वाचल्यावर, उपसंहाराचं इवलंसं शेपूट. मी पुस्तक मिटलं तेव्हा कुणीतरी पंगतीतून ताक-भाताच्या आधीच उठवावं तसं झालं.

इंग्रजीचं म्हणाल तर मी मराठी शाळेतली. साध्या इंग्रजी कादंबरीत मला अजूनही अडखळायला होतं, कारण तिथली माणसं काय खातात, कशावर बसतात, हे लेखकाने गृहीत धरलेलं असतं. या पुस्तकांत तसं होत नाही. त्यातले डोंगर, घराणी, सणवार लंडनच्या वाचकालाही तितकेच नवे. नकाशा दोघांनाही उघडावा लागतो. पहिल्यांदाच इंग्रजी पुस्तकापुढे मी आणि तो सारख्याच अडाणी बसलो, आणि त्याची मला मौज वाटली.

एका शुक्रवारी असाच कुठल्यातरी वेढ्याच्या प्रकरणात होते आणि रस्त्यावरून पी ढबाक वाजायला लागलं. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की ते टेंबलाईला घालायला गल्लीगल्लीतून मिरवणुका निघतात. डोक्यावर कलश घेतलेल्या पोरी, त्यांच्यावर छत्र्या धरणाऱ्या आया, पुढे वाजंत्री. मी खिडकीत उभी राहिले आणि हातात ते पुस्तक असल्यामुळे असेल, टेंबलाईची गोष्ट मला पहिल्यांदा गोष्ट म्हणून दिसली. आजवर ती नुसतीच माहीत होती.

गोष्टीचा पहिला भाग सगळ्यांना पाठ. अंबाबाईने कोल्हासुराला मारलं. मरताना त्याने मागून घेतलं की या नगराला माझं नाव राहू दे आणि दर वर्षी माझ्या नावाने कोहळा फोडा. देवीने दिलं. म्हणजे या कथेच्या हिशेबाने आम्ही सगळे जन्मभर पत्त्यात राक्षसाचं नाव लिहितो. म्हैसूरची गोष्टही अशीच सांगतात. कुठल्या जाड्या कादंबरीत ड्रॅगनला मारून झाल्यावर राजधानीला त्याचं नाव दिलेलं मी तरी वाचलेलं नाही.

दुसरा भाग याहून भारी आहे. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष बापाचा सूड घ्यायला येतो. त्याच्या हाती योगदंड लागलेला असतो, त्याच्या जोरावर तो सगळ्या देवांची शेळ्या-मेंढरं करून टाकतो. आता वाचवणार कोण? तर त्र्यंबोली, म्हणजेच आमची टेंबलाई. ती त्याचा निकाल लावते, मेंढरांचे पुन्हा देव करते. युद्ध संपतं, विजयाचा सोहळा होतो आणि त्या सोहळ्याचं आमंत्रण द्यायचं राहतं ते नेमकं त्र्यंबोलीला! ती रुसते, गावाबाहेरच्या टेकडीवर जाते आणि कोल्हापूरकडे पाठ करून बसते. मग अंबाबाईला सगळा लवाजमा घेऊन तिची समजूत काढायला जावं लागतं, आणि तिच्यासमोर कोहळा फोडून राक्षसवधाचा प्रसंग पुन्हा करून दाखवावा लागतो.

हे एकदा झालं आणि मिटलं, असंही नाही. दर वर्षी नवरात्रात ललिता पंचमीला पालखी टेंबलाईवर जाते, कुमारिकेच्या हातून कोहळा फुटतो आणि त्याचा तुकडा मिळावा म्हणून लोकांची झुंबड उडते. शेकडो वर्षं समजूत काढणं चालूच आहे. मला यातला मान-अपमान फार खरा वाटतो. राक्षस मारायला शस्त्र लागतं, ते देवांकडे असतं. आमंत्रणाची यादी करताना मात्र देवांचीही तारांबळ उडते. आमच्या शेजारच्या घरात एका लग्नात असंच एका मावशीचं नाव यादीतून राहिलं होतं. त्याला आता इतकी वर्षं झाली की त्या जोडप्याची पोरं कॉलेजात गेली, पण मावशी काही टेकडीवरून उतरलेली नाही.

त्यानंतर मी आपल्याच गोष्टींमागे लागले, ड्रॅगन मेल्यावरचं शोधत. वृत्राचं घ्या. पाणी अडवून बसलेला तो अजस्र सर्प, इंद्राने त्याला मारलं, नद्या मोकळ्या झाल्या. शाळेच्या पुस्तकात इथे संपतं. महाभारतात मात्र वृत्राला मारल्यावर ब्रह्महत्येच्या भयाने इंद्र पळतो आणि कमळाच्या देठात लपून बसतो. तिकडे स्वर्गाला राजा नाही म्हणून नहुषाला आणून बसवतात, तो माजतो, आणि मग त्याला घालवायची नवी भानगड. जगातला सगळ्यात जुना म्हणावा असा सर्पमार, आणि जिंकल्यावर देठात!

आई श्रावणात 'नवनाथ भक्तिसार' लावते. १८१९ सालची पोथी, ४० अध्याय. मी तिला एकदा म्हटलं, "आई, तुझ्या पोथीत आणि माझ्या पुस्तकात काय फरक आहे गं? तुझ्यातही अस्त्रं सोडतात, माणसं उडतात, राज्यंच्या राज्यं मंत्राने बांधून टाकतात." ती म्हणाली, "तुझं पुस्तक वाचून झाल्यावर घरात कुणाला बरं वाटतं काय?" या प्रश्नाला उत्तर नाही. पण तिच्या पोथीतला माझा आवडता भागही परतीचाच आहे. स्त्रीराज्यात रमलेल्या मच्छिंद्रनाथांना गोरखनाथ सोडवून आणतात, मृदंगातून 'चलो मच्छिंदर गोरख आया' वाजवतात, हे सगळे सांगतात. परतीच्या वाटेवर गुरूंच्या झोळीत सोन्याची वीट आहे आणि ते सारखं विचारतायत, पुढे चोराचं भय आहे का रे? शिष्याला कळतं. तो हळूच वीट फेकून देतो आणि म्हणतो, भय मागे राहिलं. गुरू चिडतात. तेव्हा शिष्य अख्खा डोंगर सोन्याचा करून दाखवतो. बुटक्यांच्या म्होरक्याला असा एखादा शिष्य असता तर 'हॉबिट' दोन प्रकरणं आधीच संपलं असतं.

टोल्किनने पुढे १९५४-५५ मध्ये अंगठीची मोठी कथा, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज', तीन खंडांत दिली. अंगठी आगीत पडल्यावर त्यात आणखी सहा प्रकरणं आहेत. पैकी एकात नायक गावी परततात तर गावावर गुंडांचं राज्य, झाडं तोडलेली, नदीकाठची गिरणी घाण ओकतेय. सिनेमावाल्यांनी हे सगळं गाळलं. भाच्याला त्यात वावगं वाटलं नाही; मला वाटलं. २०१९च्या ऑगस्टात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३. ते आकडे आम्ही रात्ररात्र जागून मोबाईलवर बघितले, आणि पाणी उतरल्यावर आकडे बघायचं कारण संपलं. मग महिनाभर खराट्याने चिखल काढत बसलो. पुराच्या गोष्टी सांगताना लोक आकडे सांगतात. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत भिजून गेलेल्या गणपतीच्या मूर्तींचं पुढे काय केलं, हे विचारावं लागतं, आपणहून कुणी सांगत नाही.

अंगठीच्या त्या कथेतल्या नायकाला सुरुवातीलाच खांद्याला एक जखम झालेली असते. सगळं जिंकून घरी आल्यावरही दर ६ ऑक्टोबरला, त्याच तारखेला, ती दुखते. आणि तो कुणाला सांगत नाही. टोल्किन स्वतः १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होता, त्याचे बहुतेक जवळचे मित्र त्या युद्धात गेले. आमच्या जिल्ह्यात फौजेतून पेन्शनवर आलेली माणसं गावोगाव आहेत, सैनिक टाकळी तर त्यासाठीच ओळखली जाते. बदलीच्या ठिकाणांची नावं ते हौसेने सांगतात. त्यापुढे विचारलं की चहा मागवतात.

पन्हाळ्याचंही तेच. जुलैच्या पावसात पोरं पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत जातात. भाचाही गेला आणि पायाला फोड घेऊन आला. खिंडीनंतर पन्हाळ्याचं काय झालं, असं मी त्याला विचारलं तर गप्प. महाराज विशाळगडाला पोचले, आणि १६६०च्याच सप्टेंबरात पन्हाळा सिद्दी जौहरला द्यावा लागला. परत आला तो १६७३ साली, कोंडाजी फर्जंदाने ६० माणसांनिशी रात्रीत घेतला तेव्हा. मधल्या १३ वर्षांचं स्टेटस कुणी ठेवत नाही.

'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिनने टोल्किनच्या राजाबद्दल एक शंका काढली होती: चांगलं राज्य केलं म्हणता, पण त्याचं करधोरण काय होतं? खोचक आहे, पण बरोबर आहे. (खुद्द मार्टिनच्या मालिकेचा पहिला खंड १९९६चा, पाचवा २०११चा, आणि सहाव्याची वाट बघता बघता वाचकांचे केस पिकले. त्यामुळे त्याच्या राज्यातला कर कळायला अजून अवकाश आहे.) कोल्हापूरकराला मात्र ही शंका मुळीच चमत्कारिक वाटायची नाही. आमच्याकडे राजा म्हटलं की शाहू महाराज, आणि त्यांचं काय सांगतात? १९०२ सालचं नोकऱ्यांतलं निम्म्या जागांचं आरक्षण, १९१७चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, वसतिगृहं, गुळाची पेठ, राधानगरीचं धरण. धरण त्यांच्या हयातीत पुरं झालंही नाही. अशा राजावर १४ खंड लिहायचे तर लढाईचं प्रकरण घालायचं कुठे, हाच प्रश्न पडेल. कुस्तीचं घालता येईल म्हणा.

खोक्याच्या तळाशी सगळ्यात बारकी पुस्तकं होती, उर्सुला ल ग्वीनची, अर्थसी नावाच्या काल्पनिक बेटांवरची. पहिलं १९६८चं. त्यातला तरुण जादूगार एका बेटावरच्या म्हाताऱ्या ड्रॅगनला मारत नाही, त्याचं खरं नाव उच्चारतो आणि त्या जोरावर त्याच्याशी तह करतो: तू किंवा तुझ्या पोरांनी या बेटांवर यायचं नाही. त्या वेळी ड्रॅगन त्याला एक लालूच दाखवतो. तुझ्या मागे लागलेल्या सावलीचं नाव सांगतो, मला सोड. स्वतःचा जीव वाचवायची ती एकमेव संधी असते आणि जादूगार ती सोडून गावकऱ्यांची सुरक्षितता मागून घेतो. इतकी घालमेल मी दुसऱ्या कुठल्या ड्रॅगनच्या प्रसंगात वाचलेली नाही.

१९७२पर्यंत तीन पुस्तकं आली आणि तिसऱ्याच्या शेवटी या जादूगाराने जग वाचवण्यात आपली सगळी शक्ती खर्चून टाकली. गोष्ट संपली असं सगळ्यांनी धरलं. ल ग्वीनने १८ वर्षांनी, १९९० साली, चौथं पुस्तक लिहिलं, 'तेहानू'. ड्रॅगन त्या माणसाला पाठीवरून आणून त्याच्या जन्मबेटावर सोडतो, तिथून पुढचं. आता त्याच्याकडे एकही मंत्र नाही. राजाची माणसं सन्मानाने न्यायला येतात तर तो लपतो, डोंगरावर शेळ्या राखायला निघून जातो. त्याला ओळखणारी बाई एकेकाळची मोठी पुजारीण, आता शेतकऱ्याची विधवा. तिच्या घरात एक भाजलेली, टाकून दिलेली पोर. पुस्तकभर घरकाम चाललेलं असतं. बाईचा मोठा झालेला मुलगा ताट उचलायला नकार देतो, ते बायकांचं काम म्हणून. आणि एकेकाळी सगळ्या जादूगारांचा मुख्य असलेला माणूस मुकाट्याने भांडी घासतो. ड्रॅगन येतो, पण अगदी शेवटी, आणि कुणाला तरी हाक मारायला येतो. कुणाला ते मी सांगत नाही. एवढा सस्पेन्स मीही पाळते.

भाच्याने हे पुस्तक चाळीस पानांवर टाकून दिलं होतं. "आत्ती, ह्यात काहीच होत नाही." मी ते दोनदा वाचलं आणि मग भाजी निवडताना वहिनीला, म्हणजे त्याच्या आईला, तोंडी सांगायला घेतलं. वहिनी इंग्रजी वाचत नाही आणि ड्रॅगनशी तिला कर्तव्य नाही. लढायांचा मागचा इतिहास मी थोडक्यात उरकला. भांड्यांपाशी आल्यावर तिने हातातली मेथी खाली ठेवली.

"खरंच लिहिलंय तसं? आपणहून घासतो?"

"आपणहून."

"आणि ही काही बोलली न्हाई?"

"बोलली की. पण तिला बरं वाटलं."

मग तिने पहिल्यापासून सांगायला लावलं, राजाच्या माणसांपासून. आठवडाभर रोज थोडं थोडं. भाचा आता पुण्याला नोकरीला आहे, सुट्टीला आला तेव्हा आईला त्या जादूगाराबद्दल बोलताना ऐकून त्याने डोळे मोठे केले, आणि जाताना ते बारकं पुस्तक बॅगेत घालायला लागला. वहिनीने काढून घेतलं. अजून व्हायचंय म्हणाली. शेवटही मी तिला सांगून टाकला होता, ड्रॅगनची हाकसुद्धा. ती ऐकून जरा वेळ मेथी निवडत राहिली आणि म्हणाली, "ते सगळं झालं. पण तो खाली आला ना डोंगरावरनं, मग शेळ्या कुणाकडं दिल्या त्यानं?"

मला पुन्हा पुस्तक उघडून बघावं लागलं.